फाईलला जून कळत नाही

तुझा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा, की तू २७ चा, बीएस्सी, पुण्यात साडेतीन वर्षं एमपीएससी करून आता सोलापुरात विजापूर रोडला घरी आलायस, घरात रोज तेच, तलाठी नाहीतर पोलीस नाहीतर जिल्हा परिषद, कुठंतरी चिकट. तुझं म्हणणं असं की सोलापुरात खात्रीचा पगार फक्त सरकारी माणसाला, बाकी गाव नुसतं ओढत चाललंय, आणि काही धंदा टाकावा म्हटलं की प्रत्येक टेबलाला पुन्हा तेच सरकार. मग गाव सोडू का, असं विचारलंयस. खाली कंत्राटी नोकरीसाठी मागितलेल्या तीन लाखांचं पण विचारलंयस, त्यावर शेवटी येतो.

मी २६ वर्षं सोलापुरात हेच काम करतो. प्रोजेक्ट रिपोर्ट, लायसन, सबसिडीच्या केसेस, बँकेची कागदं. मागवाले, टॉवेलवाले, युनिफॉर्मवाले, कडक भाकरी आणि शेंगा चटणी करणाऱ्या बायका, सगळे येतात. त्यामुळं सरकारी कार्यालयाचं बाकडं मला चांगलं माहीत आहे. आणि पहिली गोष्ट सांगतो, सरकारी नोकर जास्त झालेत म्हणून गाव अडलेलं नाही, उलट कित्येक कार्यालयात निम्म्या खुर्च्या रिकाम्या आहेत, एकाच क्लार्ककडं तीन तीन टेबलांचा चार्ज असतो. गाव अडलंय ते यासाठी की महिन्याच्या महिन्याला येणारा दुसरा पैसाच आपल्याकडं उरला नाही, आणि एकदा तसं झालं की अख्खं गाव त्या एकाच दारासमोर जाऊन उभं राहतं, मग दाराच्या आतल्या माणसालाही घाई राहत नाही.

असं पहिल्यापासून नव्हतं रे. जुनी गिरणी १८७७ ची, नंतर लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम मिल. भोंग्यावर गाव उठायचं, भोंग्यावर जेवायचं. याच गिरणी कामगारांच्या गावानं मे १९३० मध्ये इंग्रज सरकारला असं हलवलं की मार्शल लॉ लावावा लागला, आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा असे चौघं फासावर गेले. त्यांच्या पुतळ्यांवरून रोज जाताना मला वाटतं, ज्या गावानं सरकारला हलवलं ते गाव आज सरकारच्या हॉल तिकिटाची वाट बघत बसलंय.

माझे वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामाला होते. गिरणी बंद पडली तेव्हा मी कॉलेजात होतो. एका दिवशी बंद नाही झाली, आधी एक पाळी गेली, मग पगार पंधरवडा उशिरा, मग महिना, मग गेटवर नोटीस. हक्काचे पैसे हातात पडायला वर्षं गेली. तोपर्यंत घर चाललं आईच्या बिडीवर, सुपात पानं तंबाखू घेऊन ती पहाटेपासून बसायची, शंभर शंभर बिड्यांची मोजणी, कारखान्यात द्यायला गेलं की त्यातल्या काही छाट म्हणून बाजूला काढायचे, ते पैसे कट. आमच्या शेजारी एक काका रेल्वेत खलाशी होते. शिक्षणानं, हुशारीनं वडिलांपेक्षा कमी, हे वडील स्वतः सांगायचे. पण काकांचा पगार कधी चुकला नाही. दिवाळीला त्यांच्या पोरांना नवे कपडे, आणि आमच्या गल्लीत ते सगळ्यांनी बघितलं. कुणी कुणाला शिकवायला गेलं नाही, गल्लीनं आपोआप धडा घेतला की पोराला मागावर घालायचं नाही, कुठंतरी सरकारी चिकटवायचं. तुझ्या घरचे आज जे बोलतात त्याची सुरुवात तिथली आहे. त्यांच्यावर चिडू नको, ते भूक बघून आलेले आहेत.

पण त्या धड्याची किंमत गाव आता भरतंय. २०२३ ची तलाठी भरती घे, राज्यात ४,६४४ जागा आणि अर्ज १० लाखांच्या वर. म्हणजे एका जागेमागं दोनशेच्या वर पोरं. त्यातला एक निवडला गेला, बाकीच्या दोनशेंचं काय? ते पुढच्या जाहिरातीची वाट बघतात. एमपीएससीत खुल्या गटाला ३८ पर्यंत, मागासवर्गाला ४३ पर्यंत वयाची मुभा आहे, ती चांगल्या हेतूनं दिलेली आहे, पण तिचा परिणाम असा की माणूस स्वतःला 'अजून वय आहे' म्हणत पस्तिशी गाठतो. सकाळी सात वाजता कुठल्याही अभ्यासिकेत जाऊन बघ, प्लायवूडचे कप्पे, प्रत्येकात एक पोरगं, भिंतीला नकाशा, डब्यात चपाती. गावातली सगळ्यात चिकाटीची पोरं तिथं आहेत. मला एक चांगला सुपरवायझर, हिशोब समजणारा, मेल लिहिता येणारा पोरगा हवा म्हणून कारखानदार माझ्याकडं सांगून ठेवतात आणि मला मिळत नाही, पोरगं येतं, चार महिने करतं आणि जाहिरात निघाली की सोडून जातं.

पैशाचंही तसंच. सरकारी पे-स्लिप घेऊन गेलास तर बँक दोन-चार दिवसांत पर्सनल लोन देते, आणि अठरा वर्षं रिटर्न भरलेला मागवाला खेळत्या भांडवलाला गेला की घराचे कागद ठेव म्हणते. मॅनेजरही काय करणार, त्यालाही वर उत्तर द्यायचंय. मग गावातला पैसा जुळे सोलापूर उपनगरात प्लॉटमध्ये जातो, फ्लॅटमध्ये जातो, मशीनमध्ये जात नाही. लग्नाचंही तेच, कारखान्यात वीस जणांना पगार देणारा पोरगा नाकारला गेलेला मी बघितलाय, मुलीकडच्यांनी कंत्राटी ऑपरेटर पसंत केला, का तर तो 'ऑफिसात' बसतो म्हणून.

आणि ज्या नोकरीच्या मागं हे सगळं चाललंय ती काकांच्या वेळची राहिलेली पण नाही. १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन बंद झाली, त्यावर मार्च २०२३ मध्ये राज्यभर संप झाला तो तू बघितला असशील. शिवाय कितीतरी जागा आता कंत्राटी भरतात, अकरा महिन्यांचा करार, पुन्हा करार. खुर्ची तीच दिसते, खात्री नाही.

आता बाबूगिरीचं. तू लिहिलंयस 'धंदा करूच देत नाहीत'. मी एकच केस सांगतो, नावं सांगत नाही, म्हणजे नेमकं कुठं अडतं ते कळेल.

पूर्वभागातला, म्हणजे तेलुगू विणकर वस्तीतला एक पोरगा, वडील मागावर, याला शिलाईचं अंग होतं. सोलापूर युनिफॉर्मसाठी आता बऱ्यापैकी नावारूपाला आलंय हे तुला माहीत असेल, शाळेचे गणवेश इथून बाहेरच्या राज्यात जातात. यानं बारा मशीनचं युनिट टाकायचं ठरवलं, ओव्हरलॉक, काज-बटण, कटिंग टेबल, बँकेनं १४ लाख मंजूर केले, गाळा ९ हजार भाड्यानं घेतला. जानेवारीत मशिनी आल्या. जानेवारीतच का, तर गणवेशाचा धंदा जूनवर असतो, फेब्रुवारी ते मे शिवायचं, जूनला शाळा उघडायच्या आत माल पोचला पाहिजे. जुलैत तो माल कुणी फुकट पण घेत नाही.

विजेचं थ्री फेज कनेक्शन हवं होतं. त्याला गाळ्याचा उतारा हवा, आणि उताऱ्यावर नाव गाळामालकाच्या वारलेल्या आजोबांचं. वारसाची नोंद करायला अर्ज दिला. तीन आठवड्यांनी त्रुटी निघाली, संमतीपत्र नाही. दिलं. मग दुसरी, नावात फरक आहे. आपल्याकडं तेलुगू घराण्यांची आडनावं शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं, जुन्या खरेदीखतावर तिसरं असतं, एक वेलांटी आणि एक अनुस्वार इकडंतिकडं, कुळी तीच. ॲफिडेव्हिट केलं. मग तिसरी, थकबाकी नसल्याचा दाखला जोडा. हे तिन्ही पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहून दिलं असतं तर पोरगं आठवड्यात घेऊन आलं असतं. मार्च आला, 'मार्च एंड आहे, एप्रिलमध्ये या'. एप्रिलमध्ये त्या टेबलाचे साहेब बदलून गेले, नवीन म्हणाले माझ्याकडं अजून चार्ज नाही.

मी मे महिन्यात त्याच्या गाळ्यावर गेलो होतो. बारा मशिनी कंपनीच्या प्लास्टिकमध्ये तशाच, वर धूळ, दोन मशिनींच्या मध्ये त्यानं चटई टाकलेली. दुपारचे ४३ डिग्री, पंखा सुद्धा शेजारच्या गाळ्यातून वायर ओढून. मला म्हणाला, 'काका, घरी बसवत नाही ओ, वडील काय विचारत नाहीत पण बघतात.' व्याज सुरूच होतं, १४ लाखांवर ११ टक्क्यांनी महिन्याला १२,८०० च्या पुढं, वर भाडं ९,०००. पाच महिन्यांत १ लाख ९ हजार गेले, एक सदरा न शिवता. सीझन गेला तो वेगळाच. कुणी लाच मागितली नाही, हे मुद्दाम सांगतो. कुणी वाईट बोललं नाही. त्या कार्यालयाच्या हिशोबात उशीर झालाच नव्हता, प्रत्येक टप्प्यावर टिपणी बरोबर होती. पण फाईलला जून कळत नाही. जून त्या पोराला कळतो, आणि त्याच्या हातात काही नसतं.

मी त्याला तिसऱ्या महिन्यातच सांगितलं होतं, लोकसेवा हक्क कायद्याखाली, म्हणजे सरकारी काम ठरलेल्या मुदतीत करून द्यायच्या कायद्याखाली, अपील टाक. तो घाबरला, 'साहेब चिडले तर पुढं सगळीच कामं अडतील.' शेवटी जूनमध्ये टाकलं, नऊ दिवसांत नोंद झाली. नऊ दिवसांचं काम होतं ते. यावर माझी त्याच्यापेक्षा स्वतःवर चिडचिड झाली, की मी जबरदस्तीनं मार्चमध्ये का नाही टाकायला लावलं.

आता कोणी म्हणेल सगळे नियमच काढून टाका. मी म्हणणार नाही. मे २०२५ मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागून आठ जीव गेले. ती बातमी आली त्या दिवसापासून मी माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येक धंदेवाल्याला आधी बाहेर पडायची दुसरी वाट दाखव म्हणतो, मग बाकीचं बोलतो. नियम हवेतच. पण आपल्याकडं तपासणी कागदाची होते, जागेवर पाय ठेवून होत नाही. आडनावातली वेलांटी तीन महिने तपासतात, आणि जिना सुताच्या बाचक्यांनी अडलाय का ते बघायला कोणी येत नाही. माझा राग तिथं आहे.

बरं, तू काय करायचं. गाव सोडणाऱ्याला मी नावं ठेवत नाही, वंदे भारत २०२३ पासून सुरू झाली, पुणं जवळ आलं, आणि नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात राहा असं मी कुठल्या तोंडानं सांगू, उजनी धरण भरलेलं असतं तरी आपण हंडे भरून ठेवतो. पण 'इथं काहीच नाही' हे खरं नाही. गाड्यांच्या इंजिनातला कॅमशाफ्ट बनवणारी प्रिसिजन कंपनी इथंच १९९२ मध्ये उभी राहिली, बालाजी अमाईन्स १९८८ पासूनची, केमिकलमध्ये आज देशात नाव आहे. डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र केगावला आहे. चादर आणि टॉवेलला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळून वीसेक वर्षं झाली, त्याचा उपयोग आपण नीट केला नाही हा आपला दोष, सोलापुरी म्हणून भलतीकडचा माल विकला जातो आणि आपण बघत बसतो. बारीक धंद्यात युनिफॉर्म आणि खाद्यपदार्थ ही दोन क्षेत्रं मला आत्ता जिवंत दिसतात. पावरलूममध्ये नवीन माणसानं आत्ता उतरू नये असं माझं स्पष्ट मत आहे, जुन्या मागांवर तर नाहीच.

कागदांचं सांगतो, कारण इथंच लोक फसतात. लघुउद्योगाची उद्यम नोंदणी फुकट आहे, आधारवर होते, घरी बसून कर, त्याचे दोन हजार घेणारे एजंट फिरतात त्यांना देऊ नको. कामगार थोडे असतील (२०१७ च्या कायद्यात मर्यादा दहाची होती) तर शॉप ॲक्टला लायसन लागत नाही, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची, पावती मिळते. पीएमईजीपी या केंद्राच्या रोजगार योजनेत उत्पादनाला ५० लाखांपर्यंत आणि सेवेला २० लाखांपर्यंत प्रकल्प बसतो, सबसिडी शहरात खुल्या गटाला १५ टक्के, ग्रामीण भागात २५, आणि विशेष गटाला (मागासवर्ग, महिला वगैरे) २५ आणि ३५. स्वतःचे घालायचे ते १० टक्के, विशेष गटाला ५. पण हे नीट ऐक, ती सबसिडी हातात मिळत नाही, बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून राहते, युनिट चालू आहे हे बघून मग कर्जाला वळती होते. लोक सबसिडी धरून भांडवल मांडतात आणि पहिल्या वर्षात अडकतात. सबसिडी शून्य धरून तुझा धंदा चालतोय का ते आधी बघ, नसेल चालत तर तो धंदाच करू नको.

कार्यालयात जाताना तोंडी काही ठेवायचं नाही. अर्ज दिला की पोहोच घ्यायची, आवक नंबर आणि तारीख असलेली, ती फोनमध्ये फोटो काढून ठेवायची. त्रुटी सांगितली की 'सगळ्या त्रुटी एकदम लेखी द्या' असा एक साधा अर्ज त्याच दिवशी आवकला द्यायचा, नम्रपणे. सेवा लोकसेवा हक्कात येते का, तिला किती दिवस आहेत हे आपले सरकार पोर्टलवर दिसतं. मुदत उलटली की ३० दिवसांच्या आत पहिलं अपील, मग दुसरं, मग सेवा हक्क आयोग. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० दंड आहे. रक्कम बारीक वाटते, पण दंडाची नोंद कोणालाच नको असते. आणि साहेब चिडतील ही भीती मी २६ वर्षं ऐकतोय, माझा अनुभव सांगतो, लेखी लिहिणाऱ्या माणसाची फाईल लोक जास्त सांभाळून हाताळतात. चांगले क्लार्क पण भरपूर भेटलेत मला, जेवणाच्या सुट्टीत बसून एका बाईचा फॉर्म स्वतः भरून देणारा एक जण मी डोळ्यांनी बघितलाय, अशांचं नाव लक्षात ठेव, त्यांच्या वरिष्ठांना पत्र लिहून कळव. तक्रार लिहितो तसं हे पण लिहावं.

आणि एक, सरकारला गिऱ्हाईक करू नको, निदान पहिली तीन वर्षं. सरकारी ऑर्डर मोठी दिसते, पण बिल निघायला ग्रँट यावी लागते, आणि ग्रँट कधी येईल ते ऑर्डर देणाऱ्यालाही माहीत नसतं. कायद्यानं सूक्ष्म-लघु उत्पादकाचं बिल ४५ दिवसांत द्यायचंय, नाही दिलं तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, त्यासाठी ऑनलाइन पोर्टल आहे, थकलेल्या बिलांचे दावे ऐकणारं फॅसिलिटेशन कौन्सिल आहे, मी स्वतः केसेस लावल्यात आणि पैसे काढून दिलेत. पण तो निकाल येईपर्यंत सूतवाला आणि कामगार थांबत नाहीत. खासगी गिऱ्हाईकाचं बरं, २०२३-२४ च्या आर्थिक वर्षापासून त्यानं ४५ दिवसांत दिले नाहीत तर इन्कम टॅक्सला त्याला ती रक्कम त्या वर्षी खर्चात धरता येत नाही, त्यामुळं मार्चमध्ये तरी फोन उचलतात.

परीक्षा सोड असं मी म्हणत नाही. एक तारीख ठरव, कॅलेंडरवर लिही, घरच्यांना दाखव, त्या तारखेपर्यंत जे द्यायचंय ते दे, आणि तोपर्यंत रोज दुपारी चार तास कुठल्यातरी चालू युनिटमध्ये जा. पगार मागू नको, काम माग. कापड कसं मोजतात, कटिंगमध्ये किती वाया जातं, उधारी कोण बुडवतो, हे तीन महिन्यांत जे कळेल ते माझ्या प्रोजेक्ट रिपोर्टात नसतं.

आता ते तीन लाख. कोणीतरी तुझ्या वडिलांना सांगितलंय की एका कार्यालयात कंत्राटी जागेवर लावून देतो, तीन लाख द्या, पुढं परमनंट होतंय, आणि वडील पीएफमधून काढायला निघालेत. देऊ देऊ नको. आज संध्याकाळीच बस त्यांच्याशी. पहिली गोष्ट तो गुन्हा आहे, देणाऱ्याचाही. दुसरी, अशी पावती नसलेली रक्कम परत आलेली मी एकदाही बघितलेली नाही, आणि ते पैसे मागायला गेलेले बाप मात्र बघितलेत. तिसरी, त्याच तीन लाखांत चांगल्या कंपनीच्या सहा-सात शिलाई मशिनी येतात, नवीन. वडिलांना घेऊन एखाद्या शिलाई युनिटला जा, मशिनी चालू असताना त्यांना आत उभं कर, तो आवाज त्यांना ओळखीचा वाटेल. मग विचार त्यांना, पैसे कशात घालायचे.